नातीचा बाप्तिस्मा, आणि माळ्यावरून उतरणारा देवदूत

मंगळवार

लेकीचं सासर जर्मनीतल्या हाले शहराच्या बाहेर एका खेड्यात, तिथल्याच चर्चमध्ये येत्या रविवारी नातीचा बाप्तिस्मा, म्हणजे मुलाला ख्रिस्ती धर्मात घ्यायचा पाण्याचा विधी, पण लेक-जावई राहतात हालेतच. सकाळी पोचलो, प्रवासात झोप अशी झालीच नव्हती, तरी दुपारी जावई म्हणाला आई चला बाजारचौकात चक्कर मारू, आत्ता झोपलात तर रात्री दोनला उठून बसाल. हे तर बूट घालूनच तयार. ठकी (म्हणजे आमची नात, कागदोपत्री नाव वेगळं आहे पण मी ठकीच म्हणते) बाबागाडीत बसून स्वतःचे मोजे चावत होती.

चौकातलं मोठं चर्च, मार्क्टकिर्शं, लांबूनच दिसतं, चार मनोरे. आत एक ब्राँझचं मोठं बाप्तिस्म्याचं पात्र आहे, १४३० सालचं, आणि त्यात हेंडेलचा, म्हणजे त्या प्रसिद्ध संगीतकाराचा, बाप्तिस्मा झाला होता, २४ फेब्रुवारी १६८५ ला. जन्म आदल्या दिवशीचा! फेब्रुवारीची थंडी, दगडी चर्च आणि एका दिवसाचं पोर. मला तर ऐकूनच कापरं भरलं. पण तेव्हा मूल आठवडाभर जगेल ह्याची खात्री नसायची, म्हणून ही घाई. आमची ठकी सात महिन्यांची झाली तरी कुणाला घाई नाही, हल्ली इथे असंच चालतं, वर्षभराने करतात, काही जण मूल शाळेत गेल्यावर करतात.

त्याच चर्चमध्ये मार्टिन लुथरच्या, ज्याच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला त्याच्या, चेहऱ्याचा आणि हातांचा मेणाचा ठसा ठेवलाय, मेल्यानंतर घेतलेला. १५४६ च्या फेब्रुवारीत आइसलेबेनला तो वारला, तिथून विटेनबेर्गला नेताना शव एक रात्र ह्या चर्चमध्ये होतं. मी लांबूनच पाहिलं, ह्यांनी जवळ जाऊन पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले हात शेतकऱ्याचे वाटतात.

बुधवार

आज फ्रांकेच्या संस्था बघितल्या. हा माझा हट्ट होता, जावयाला वाटलं आईंना लहान मुलांच्या जुन्या शाळा बघायला आवडतात. फ्रांके नावाच्या पाद्र्याने १६९८ मध्ये इथे अनाथाश्रम काढला, मग शाळा, छापखाना, औषधांचा कारखाना असं वाढत वाढत गावाला लागून दुसरं गावच झालं. लाकडी चौकटीची लांबच लांब इमारत, आणि अनाथाश्रमाच्या पोटमाळ्यावर अजबखाना, कपाटं भरभरून शंख, हाडं, परदेशातल्या वस्तू, छताला मगर टांगलेली.

पण माझा जीव अडकला होता तंजावरात. हालेत शिकलेला त्सीगेनबाल्ग १७०६ साली डेन्मार्कच्या राजाच्या खर्चाने तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरला, भारतातला पहिला प्रोटेस्टंट मिशनरी, तमिळ शिकला, बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापला. त्याच्या मागून १७५० मध्ये ह्याच हालेतून श्वार्ट्झ आला, आणि हा श्वार्ट्झ म्हणजे तंजावरच्या आपल्या मराठा राजांचा, सरफोजींचा गुरू. तुळजाजी महाराजांनी १७८७ मध्ये जायच्या आधी आपला दत्तक मुलगा ह्या लुथरन पाद्र्याच्या भरवशावर सोडला, त्याने मुलाला शिकवलं, त्याच्या हक्कासाठी कंपनी सरकारकडे भांडला. सरफोजी शेवटपर्यंत हिंदूच राहिले. तरीही गुरू गेल्यावर लंडनच्या फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं, त्यात स्वतः राजे मरणाऱ्या श्वार्ट्झच्या पलंगाशी उभे आहेत, तंजावरच्या चर्चमध्ये अजून आहे ते. नात्यातल्या ज्या दोन-तीन जणांनी "मुलीने हे काय चालवलंय" असं विचारलं होतं त्यांना मी हीच गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

संध्याकाळी पाळकबाई, म्हणजे खेड्यातल्या चर्चच्या पाद्री, घरी आल्या, सायकलवरून, हेल्मेट हातात. बाप्तिस्म्याच्या आधी अशी बैठक करावीच लागते. मला वाटलं होतं परीक्षा घेतील, पण बाई चहा पीत ठकीशीच जास्त बोलत होत्या. वयाने लेकीएवढ्याच, आणि एकटीकडे कितीतरी खेड्यांची चर्चेस. पाळक कमी, माणसं त्याहून कमी, म्हणून एका गावात दर रविवारी प्रार्थना होतच नाही, पाळी लागते.

दोन गोष्टी ठरायच्या होत्या. एक, गॉडमदर कोण. लेकीला आपला भाऊ हवा होता, म्हणजे ठकीचा मामा, तो खास त्यासाठी सुट्टी काढून येणार होता. पण नियम असा की गॉडफादर किंवा गॉडमदर स्वतः चर्चची सभासद पाहिजे, तिच्या चर्चकडून तसा दाखला आणावा लागतो. लेकीचा चेहरा पडला. बाई म्हणाल्या, नियम मी वाकवणार नाही, पण मामा उभा राहील, प्रार्थना म्हणेल, ती कुठल्या भाषेत म्हणायची ते माझ्या नियमात लिहिलेलं नाही. गॉडमदर मग जावयाची मावसबहीण झाली. मला बाईंचं हे आवडलं, उगाच गोड बोलून नंतर घोळ नाही. शिवाय त्यांनीच सांगितलं की चौदा वर्षांची झाली की धर्माचं काय करायचं ते जर्मन कायद्याप्रमाणे ठकी स्वतः ठरवणार, आईबापसुद्धा काही म्हणू शकत नाहीत.

दुसरी गोष्ट, वचन. प्रत्येक मुलाला बायबलमधली एक ओळ मिळते, ती जन्मभर त्याची, पुढे लग्नात, मयतीतही वाचतात. स्तोत्र ९१ मधली ओळ सगळ्यात लाडकी आहे, देव आपल्या दूतांना तुझ्या सगळ्या वाटांवर तुझी राखण करायला सांगेल, ती. बाई हसल्या, म्हणाल्या तुमच्या गावात तर दुसरी ओळ कुणी घेतच नाही, वर लटकतोय ना तो. आम्हाला कळेना काय लटकतंय. जावई म्हणाला शनिवारी बघा.

गुरुवार

रेल्वेने आइसलेबेन, पाऊण तासाच्या आत पोचलो. वाटेत डोंगरासारखे काळे ढीग दिसतात, ते डोंगर नाहीत, तांब्याच्या खाणीतला टाकाऊ माल आहे. लुथरचा बाप ह्याच तांब्याच्या धंद्यातला.

लुथर १० नोव्हेंबर १४८३ ला जन्मला, दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा, तो दिवस संत मार्टिनचा म्हणून नाव मार्टिन. इतकं साधं! पंचांग बघा आणि नाव ठेवा. ते चर्च, पेट्री-पाउली, आता आतून पार बदललंय. २०१२ मध्ये जमिनीतच मोठं गोल कुंड केलंय, मोठा माणूस आत उतरू शकेल असं, पाणी काठोकाठ, आणि फरशीवर त्याच्यापासून निघालेली वर्तुळं. जुन्या पात्राचे उरलेले तुकडे घालून केलेलं पात्रही तिथेच आहे. ह्यांना नवं कुंड फार आवडलं, मला नाही आवडलं, फार स्वच्छ, फार आखीव, हॉटेलच्या लॉबीसारखं. पण आम्ही होतो तेवढ्यात एक साठीची बाई आली, बूट काढले, वाकून हात बुडवला, कपाळाला लावला आणि पिशवी उचलून गेली बाजाराला. तेव्हा मग गप्प बसले.

जन्मघराचं म्युझियम १६९३ पासूनचं आहे. आणि मृत्यूघर म्हणून जे दाखवतात तिथे तो वारलाच नाही, खरं घर दुसरं होतं, नंतर कळलं, पण म्युझियम झालेलं म्हणून तिथेच राहिलं. हे ते स्वतःच सांगतात, लपवत नाहीत.

शुक्रवार

विटेनबेर्ग. ठकी दिवसभर रडली, दात येतायत. त्यामुळे किल्ल्यातलं चर्च आम्ही पाळीपाळीने पाहिलं. ३१ ऑक्टोबर १५१७ चे ते ९५ मुद्दे, चर्चच्या माफीपत्रांविरुद्ध लुथरने मांडलेले, ते ज्यावर लावले म्हणतात तो लाकडी दरवाजा १७६० च्या लढाईत जळला, आता आहे तो १८५८ चा ब्राँझचा, त्यावर सगळे मुद्दे लॅटिनमध्ये कोरलेत. गर्दी तिथेच, सेल्फी तिथेच. लुथरची कबर आत आहे, साधी.

खरं बघायचं ते गावातल्या चर्चमध्ये, क्रानाखची वेदीवरची चित्रं, १५४७ ची. मधे शेवटचं भोजन, आणि डाव्या बाजूला बाप्तिस्मा चाललाय, उघडंनागडं गुटगुटीत बाळ पात्रावर धरलेलं, धरणारा दाढीवाला म्हणजे मेलांख्थोन, लुथरचा जोडीदार. आता गंमत अशी की मेलांख्थोन पाद्री नव्हताच! प्राध्यापक माणूस, ग्रीक शिकवायचा, दीक्षा कधी घेतली नाही. तरी गावच्या मुख्य चर्चमध्ये, वेदीवर, बाप्तिस्मा देताना तोच दाखवलाय. बाजूला टॉवेल घेऊन उभा आहे तो स्वतः क्रानाख म्हणतात. लुथर, क्रानाख ही मंडळी एकमेकांच्या मुलांचे गॉडफादर, म्हणजे सगळा घरचाच मामला.

मी विचारलं, असं चालतं? जावई म्हणाला चालतं म्हणजे काय, जीवावरचा प्रसंग असेल तर कुणीही ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो, पाणी आणि ती तीन नावं, बस. मग जरा थांबून म्हणाला, उरोमाला विचारा उद्या. उरोमा म्हणजे त्याची आजी, ठकीची पणजी.

त्याच चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर, वर, ज्यू लोकांची विटंबना करणारं मध्ययुगीन शिल्प आहे, डुकरिणीचं. खाली १९८८ मध्ये बसवलेली स्मृतिपट्टी. काढून टाका म्हणून खटला झाला, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राहू द्या म्हटलं. लुथरने स्वतः १५४३ मध्ये ज्यूंबद्दल जे लिहिलं ते वाचवत नाही. लेक म्हणाली ठकीला मोठी झाल्यावर इथे आणून हे पण दाखवणार. दाखवायलाच पाहिजे.

शनिवार

खेड्यात गेलो. शेतं, पवनचक्क्या, मधे एक ठेंगणं दगडी चर्च. विहीणबाईंनी दारातच मिठी मारली, व्याही हात पुसत पुसत मागून आले, ग्रीस लागलेले हात. गडी मेकॅनिक, निवृत्त झाला तरी हातात पाना असतोच.

जेवण झाल्यावर उरोमाने कपाटातून खोका काढला, आत टिश्यूमध्ये गुंडाळलेला बाप्तिस्म्याचा झगा. पांढरा, तलम, बाळाच्या दुप्पट लांब. आतल्या बाजूने काठाला लाल दोऱ्याने नावं आणि सालं, क्रॉस स्टिचमध्ये, १९११, १९४०, १९६६, १९९१. पहिला उरोमाचा सासरा, मग नवरा, मग विहीणबाई, मग आमचा जावई. मी म्हटलं तुमचं नाव कुठाय? सासरचा झगा आहे म्हणून नसेल, असं मीच मनात उत्तर दिलं होतं. पण उरोमा म्हणाली, माझा झगा नव्हताच, मी टॉवेलमध्ये होते.

१९४५ चा जानेवारी, सायलेशियातून लोक पश्चिमेला पळत होते, बर्फातून, घोडागाड्या, हातगाड्या. उरोमाचा जन्म त्या वाटेवरचा. पोर निळं पडलेलं, कुणाला वाटेना जगेल, तेव्हा ताफ्यातल्या सुईणीने भांड्यात बर्फ वितळवला आणि तिथल्या तिथे तिचा बाप्तिस्मा केला. पाद्री नाही, चर्च नाही, गॉडफादर म्हणून कुणी अनोळखी गाडीवान. आई तिला नंतर सांगायची की पाणी इतकं गार होतं की तू किंचाळलीस आणि मग जगलीसच. पुढे ह्या गावात वस्ती झाल्यावर पाद्र्याने आईची साक्ष घेऊन ते नोंदवून टाकलं. परत बाप्तिस्मा करत नाहीत, एकदा झाला की झाला.

मग पूर्व जर्मनीचे दिवस. १९५५ पासून सरकारने युगेंडवाइहं आणलं, म्हणजे चौदाव्या वर्षी चर्चमधल्या दृढीकरणाऐवजी (मूल मोठं झालं की आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करतं, तो विधी) सरकारी समारंभ, समाजवादाशी निष्ठेची शपथ. उरोमाने १९५९ मध्ये ते नाकारलं, फक्त चर्चमधलं दृढीकरण घेतलं, तर वरच्या शाळेत जागा मिळाली नाही, जन्मभर रोपवाटिकेत काम केलं. विहीणबाईंनी दोन्ही केलं, तेव्हा बरेच जण तसंच करायचे, एक वर्ष हे, पुढच्या वर्षी ते. व्याह्यांचा तर बाप्तिस्माच झालेला नाही, घरात सगळे सत्तेतल्या समाजवादी पक्षाचे, चर्चमध्ये लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा आत बसले म्हणे. उरोमा हे सांगताना चिडत नव्हती, मटारच्या शेंगा सोलत सांगत होती. रोपवाटिका चांगली होती म्हणाली.

नाव भरायचं काम माझ्याकडे आलं. लेकीने टाका कधी घातलेला नाही, विहीणबाईंचे डोळे दुखतात. उरोमा शेजारी बसून मापं देत होती, अक्षर वरच्याएवढंच हवं, मोठं नको. लेक म्हणाली आई देवनागरीत पण घाल ना बाजूला. मी उरोमाकडे पाहिलं. तिने कागदावर लिहून दाखवायला लावलं, वरची रेघ बोटाने मोजली, आणि म्हणाली रेघ सरळ आली पाहिजे. झाल्यावर झगा उलटा करून मागची बाजू तपासली बाईने! गाठी दिसत नाहीत ना ते.

संध्याकाळी चर्चमध्ये तो लटकणारा बघितला. बाप्तिस्म्याचा देवदूत! लाकडी, जवळजवळ माणसाएवढा, सोनेरी पंख, छताला लोखंडी साखळीने आडवा टांगलेला, जणू उडतोय, आणि पुढे केलेल्या हातात पाण्याचं ताट. बाप्तिस्मा असला की माळ्यावरून रहाटाने खाली सोडतात. सतराव्या शतकाच्या शेवटापासून पुढे साठ-सत्तर वर्षं ह्या भागात गावोगावी असे देवदूत करायची टूम होती, मग एकोणिसाव्या शतकातल्या पाद्र्यांना ते पोरकट वाटायला लागले, हलतात, कुरकुरतात, लोक हसतात, म्हणून बरेच अडगळीत गेले. हासुद्धा माळ्यावर कौलांच्या ढिगात पडलेला, एक पंख मोडका. १९९० नंतर गावाने मंडळ काढून दुरुस्त करून घेतला, आणि त्या मंडळात चर्चचे सभासद नसलेलेच निम्मे. रहाट दुरुस्त केला व्याह्यांनी, आणि आजवर प्रत्येक बाप्तिस्म्याला देवदूत खाली सोडतात तेही तेच. मी विचारलं, तुम्ही तर चर्चचे नाही? म्हणाले, चर्चचा नाही, पण रहाट माझा आहे.

रविवार

दहाला घंटा. बाकं अर्धी भरली, त्यातही निम्मे आमचेच. मामा काल रात्री उशिरा पोचला, टाय कसा बांधायचा ते जावई दाखवत होता. मी नऊवारी नेसले होते, गावातल्या बायका येऊन काठ हातात घेऊन बघून गेल्या.

ऑर्गन जुना, एक सूर अडकतो, पण लोक गातात मोठ्याने. लुथरनांचं हे मला फार आवडलं, गायनमंडळ असलं तरी सगळ्यांनी गायचं, बेसूर असलात तरी. मग पाळकबाईंनी मत्तयच्या शेवटच्या अध्यायातली येशूची आज्ञा वाचली, सगळ्यांनी विश्वासाचा अंगीकार म्हटला, आणि वर माळ्यावर खडखड सुरू झाली. देवदूत खाली यायला लागला, हळूहळू, एकदा थांबला, माळ्यावरून व्याह्यांचा काहीतरी न छापण्यासारखा शब्द ऐकू आला, लोक हसले, परत खाली. छातीच्या उंचीला येऊन थांबला आणि जरासा डुलत राहिला. ठकी त्याच्याकडे टकामका बघत होती, दातांचं दुखणं गायब.

पाणी उरोमाने थर्मासमधून आणलेलं, कोमट. त्यात तडजोड नाही, दर वेळी तीच आणते. नात्यातल्या पोरांनी एकेक भांडं ताटात ओतलं. बाईंनी आईबापांना आणि गॉडमदरला विचारलं, ह्या मुलीला ख्रिस्ती विश्वासात वाढवायला मदत करणार का, त्यांनी म्हटलं हो, देवाच्या मदतीने. लेकीला त्यांनी बुधवारीच विचारून ठेवलं होतं की तू काय म्हणणार, ती म्हणाली मी ह्यांच्या आड येणार नाही आणि माझं तिला सांगायचं सोडणार नाही. बाईंनी रविवारी तिला वेगळा प्रश्न विचारला, तू हिच्या सोबत राहशील का. राहीन म्हणाली. मला हुंदका आला, ह्यांनी रुमाल दिला, मग त्यांनाच लागला.

तीन वेळा पाणी, पिता, पुत्र, पवित्र आत्मा. ठकी रडली नाही, तिने देवदूताचं नाक पकडलं आणि सोडेना. बाईंनी नाक तसंच राहू दिलं, दुसरा हात डोक्यावर ठेवून वचन म्हटलं, दूतांचंच. मग ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून गॉडमदरने ठकीची मेणबत्ती पेटवली. ती दर वर्षी बाप्तिस्म्याच्या दिवशी घरी लावायची असते. मामाने मराठीत प्रार्थना म्हटली, स्वतःच लिहिलेली, चार ओळी, आवाज थरथरत होता, शेवटी सगळ्यांनी आमेन म्हटलं, कुणाला शब्द कळला नव्हता तरी.

नंतर विहीणबाईंच्या अंगणात कॉफी आणि केक. केक म्हणजे क्रीमचा एकच नाही, मोठ्या मोठ्या परातींत भाजलेले, चेरीचा, खसखशीचा, वरून साखर-लोण्याचा चुरा घातलेला. प्रत्येक शेजारीण एक परात घेऊन आलेली. व्याही सगळ्यात शेवटी आले, डोक्यात कोळिष्टकं. उरोमाने त्यांच्यासाठी खसखशीचा तुकडा वेगळा काढून ठेवला होता.

सोमवार

सकाळी चर्चच्या ऑफिसात नोंद. बाप्तिस्म्याचं रजिस्टर जाडजूड, नाव, आईबाप, गॉडमदर, वचन, तारीख. आईचा धर्म असा रकाना आहे, त्यात बाईंनी हिंदू लिहिलं, सही केली, लेकीला दाखला दिला. ह्यांना जुनी रजिस्टरं बघायची होती, उरोमाची नोंद काढून दाखवली बाईंनी, वळणदार जुनं जर्मन अक्षर, जावयालाही वाचता येईना, बाईंनीच वाचून दाखवलं, सुईणीचं नाव माहीत नाही असं लिहिलंय.

मग चर्चमध्ये डोकावलो तर देवदूत अजून खालीच. काल वर जाताना साखळी अडकली, निम्म्यावरून परत उतरवला. व्याही माळ्यावर, तेलाचा डबा हवाय म्हणून वरून ओरडत होते, मामा शिडीवर मधे उभा राहून डबा वर देत होता, आणि पाळकबाई खालून दोघांना सांगत होत्या की पुढच्या रविवारी इथे लग्न आहे, नवरीला वाकून जायला लावू नका.

साडेअकराची बस होती, ती आम्ही सोडून दिली.